इस्राएलचे सण आणि शेताचा न कापलेला कोपरा

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या काही स्वतंत्र ख्रिस्ती मंडळ्यांत उपासनेच्या सुरुवातीला शोफार, म्हणजे एडक्याच्या शिंगाचा कर्णा, फुंकला जाऊ लागला आहे. पवित्र सप्ताहात कुठे कुठे वल्हांडणाचे, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या ज्यू सणाचे, जेवण मांडतात. बेखमीर भाकरी आणि कडू भाजी पानात वाढतात. 'परमेश्वराचे सात सण' या विषयावरचे तासतासभराचे उपदेश मोबाइलवरून घरोघरी ऐकले जातात. जुन्या मंडळ्यांतले पाळक याकडे कपाळाला आठ्या घालून पाहतात. त्यांचे म्हणणे सरळ आहे: ख्रिस्ताने सारे पूर्ण केले, कलस्सैच्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौलाने सण, अमावास्या आणि शब्बाथ यांना पुढे होणाऱ्या गोष्टींची छाया म्हटले, मग छायेमागे कशाला धावायचे? दुसरी बाजू जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचा तेविसावा अध्याय पुढे करते. हे सण परमेश्वराने नेमले, पिढ्यानपिढ्या पाळायला सांगितले. नाताळ आणि ईस्टर मात्र माणसांनी ठरवले.

मला या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. हे सण समजून घेतल्यावाचून येशूची गोष्टच नीट कळत नाही, म्हणून ते शिकणे ख्रिस्ती माणसाला भाग आहे. पण ते ज्यूंचे सण आहेत, आजही त्यांच्या घरांत जिवंत आहेत, आणि ते उचलून आपल्या वेदीपुढे मांडायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही. या सणांत एक हुकूम असा आहे की जो आपल्यालाही चुकत नाही. तो गरिबाच्या वाट्याचा आहे, आणि नेमका तोच दोन्ही बाजूंनी वाचायचा सोडून दिला आहे.

मुळात हे शेतकऱ्यांचे सण. त्या देशात वसंतात सातू पिकतो, तेव्हा वल्हांडण आणि बेखमीर भाकरीचा सण. त्यानंतर सात आठवड्यांनी गहू हाती येतो, तेव्हा सप्ताहांचा सण. द्राक्षे आणि जैतुनाचे फळ काढून झाले, खळे रिकामे झाले की शरदात मांडवांचा सण. या तिन्ही वेळा इस्राएली पुरुषाने परमेश्वरासमोर यायचे आणि रिकाम्या हाताने यायचे नाही, असे जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सोळावा अध्याय सांगतो. मांडवांच्या सणाच्या आधी, त्याच सातव्या महिन्यात, कर्णे वाजवण्याचा दिवस आणि प्रायश्चित्ताचा दिवस येतात.

या शेतीच्या चक्रात सुटकेची आठवण विणलेली आहे. निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात इस्राएलची मिसरातली शेवटची रात्र आहे. एक वर्षाचे निर्दोष कोकरू, त्याचे रक्त एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचे, मांस विस्तवावर भाजून कडू भाजीबरोबर खायचे, हाड मोडायचे नाही, सकाळपर्यंत काही उरू द्यायचे नाही. आणि खायचे कसे? कंबर बांधून, पायात जोडे घालून, हातात काठी धरून, घाईघाईने. इथे गुलामांचे कुटुंब दाराशी तयार होऊन जेवते आहे. पुढे पोरांनी विचारले की ही उपासना कशासाठी, तर काय उत्तर द्यायचे तेही त्याच अध्यायात सांगून ठेवले आहे. सण म्हणजे पोराच्या प्रश्नाला द्यायचे उत्तर, ही कल्पना मला फार मोठी वाटते. ज्यू घरांत हा प्रश्न आजही त्या रात्री मोठ्याने विचारला जातो.

आता शुभवर्तमाने उघडा. येशू हे सण पाळत मोठा झाला. लूक सांगतो की त्याचे आईबाप दरवर्षी वल्हांडणाला यरुशलेमेस जात, आणि बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो तो याच यात्रेत. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन होते. योहान वेगळा हिशेब मांडतो: त्याच्या शुभवर्तमानात येशूला वधस्तंभावर देतात ती सणाची तयारी चाललेली असताना, म्हणजे मंदिरात कोकरे कापायची वेळ झाली तेव्हा. त्याच्या ओठांना आंब लावली ती एजोबाच्या काठीवरून, आणि शिपायांनी त्याचे पाय मोडले नाहीत तेव्हा योहान वल्हांडणाच्या कोकराच्या हाडांची आठवण देतो. निर्गमाचा बारावा अध्याय ज्याला ठाऊक नाही, त्याला हे बारीकसारीक तपशील वाटतील. ज्याला ठाऊक आहे, त्याला योहान प्रत्येक ओळीत काय सांगतो आहे ते कळते. पौलही करिंथच्या मंडळीला लिहितो की आपला वल्हांडणाचा यज्ञपशू जो ख्रिस्त त्याचे अर्पण झाले आहे, आणि त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुन्हा उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो. सातूची पहिली पेंढी परमेश्वरासमोर ओवाळली जाते, तिच्यामागे सारे शेत उभे असते. पुनरुत्थानाविषयी याहून नेमके बोलणे मला माहीत नाही.

सगळ्यात श्रीमंत प्रसंग मात्र मांडवांच्या सणाचा आहे, आणि आपल्या व्यासपीठांवरून तोच सर्वांत कमी सांगितला जातो. वल्हांडणाच्या जागी आपल्याकडे पुनरुत्थानाचा सण आला, सप्ताहांच्या सणाच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला म्हणून पेंटेकॉस्ट आला. मांडवांच्या सणाला चर्चच्या वर्षात जागाच मिळाली नाही. सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या ग्रंथात, या सणाचे वर्णन आहे. सण चालू असताना याजक सोन्याच्या सुरईत शिलोहाच्या तळ्याचे पाणी भरून आणी, वाटेत कर्णे वाजत, आणि ते पाणी वेदीवर ओतले जाई. पावसाळा तोंडावर आलेला असे. पाण्यावाचून पुढचे पीक नाही हे प्रत्येक यात्रेकरूला कळत होते. रात्री मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात उंच सोन्याचे दीप लावत. याजककुळातली तरुण पोरे शिड्या चढून त्यांत तेल ओतत, आणि वाती वळलेल्या असत याजकांच्या जुन्या, विटलेल्या चोळण्यांच्या आणि कमरपट्ट्यांच्या चिंध्यांपासून. यरुशलेमेतले एकही अंगण त्या उजेडावाचून राहत नसे, असे मिश्ना म्हणते. माणसे मशाली घेऊन नाचत.

योहानाच्या सातव्या अध्यायात, त्या सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी, येशू उभा राहून मोठ्याने म्हणतो, कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे यावे आणि प्यावे. त्याच यात्रेच्या संदर्भात पुढे आठव्या अध्यायात तो म्हणतो, मी जगाचा प्रकाश आहे. पाणी ओतले जात होते आणि दिवे लागत होते, त्याच जागी. हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्या अंगावर शहारे आले असतील, आणि काहींचा संतापही झाला असेल. त्याला धरायला शिपाई पाठवले होते हे योहान सांगतोच. आपण मात्र या दोन वाक्यांची फ्रेम करून भिंतीवर लावतो आणि त्यांच्यामागचा सण विसरतो.

इथवर मी शोफार फुंकणाऱ्यांच्या बाजूने बोलतो आहे असे वाटेल. पण त्यांच्या उपदेशांत जो तक्ता हमखास असतो, तो मला पटत नाही. तक्ता असा: वसंतातले चार सण (वल्हांडण, बेखमीर भाकरी, पहिली पेंढी आणि सप्ताह) ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यात पुरे झाले, शरदातले तीन उरले, ते दुसऱ्या येण्यात पुरे होतील, म्हणून शरदातल्या तारखांवर डोळा ठेवा. २०१४ आणि २०१५ मध्ये चार पूर्ण चंद्रग्रहणे वल्हांडण आणि मांडवांच्या सणांवर आली, तेव्हा अमेरिकेतल्या काही उपदेशकांनी त्यावर जगबुडीची भाकिते रचली. २०२५ च्या सप्टेंबरात ज्यूंच्या नववर्षाच्या दिवशी विश्वासणारे सदेह स्वर्गात उचलले जाणार, असे सांगणारे व्हिडिओ जगभर फिरले. काही लोकांनी नोकऱ्या सोडल्याच्या, सामान विकल्याच्या गोष्टी सांगितल्या. तो दिवस आला आणि गेला.

भाकीत फसले, एवढ्यावर थांबून चालणार नाही. तो तक्ता नव्या कराराशीच जुळत नाही. शरदातले सण अजून उरले आहेत असे म्हणणाऱ्याने इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय काय करायचा? प्रमुख याजक वर्षातून एकदा रक्त घेऊन परमपवित्रस्थानात जाई, तो प्रायश्चित्ताचा दिवस. आणि ते पत्र तो दिवस थेट वधस्तंभाशी जोडते, एकदाच आणि कायमचे. योहान मांडवांचा सण येशूच्या हयातीतच त्याच्याशी जोडतो. नव्या कराराच्या लेखकांनी सणांचे वेळापत्रक वाचले नाही. ज्या सणाने जे सांगायला मदत झाली, त्या सणाची भाषा त्यांनी वापरली. आणि काळ-वेळ जाणणे तुमच्याकडे नाही, हे तर स्वर्गारोहणाच्या आधी शिष्यांना तोंडावर सांगितलेले आहे.

वल्हांडणाच्या जेवणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ते मांडणाऱ्यांची भक्ती खरी असते, याबद्दल मला शंका नाही. येशूने त्या रात्री जे केले तेच आपण करतो, अशी त्यांची भावना असते. पण आज ज्यू घरांत चालतो तो सेदेर, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीचे विधिवत भोजन, त्याचा क्रम, त्याची हग्गादा, म्हणजे त्या वेळी वाचायची पोथी, हे सारे बहुतांशी इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडल्यानंतर घडत गेले. येशूच्या पंगतीत मंदिरात कापलेले कोकरू होते. मंदिर गेल्यावर ज्यू समाजाने कोकरावाचून हा सण कसा जगवायचा, याचे उत्तर म्हणजे आजचा सेदेर. एका समाजाने सर्वस्व गेल्यावर उभी केलेली ती परंपरा आहे. तिच्यातल्या तीन भाकरी म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, असे आपण जेव्हा मंडळीत समजावतो, तेव्हा त्यांच्याच ताटावर बसून त्यांना सांगतो की तुमच्या सणाचा खरा अर्थ तुम्हाला कधी कळलाच नाही.

आणि आपला इतिहास पाहता हे बोलायला आपल्याला तोंड नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी अंत्युखियातले ख्रिस्ती लोक ज्यूंच्या कर्ण्यांच्या आणि मांडवांच्या सणांना आनंदाने जात होते. तिथला प्रसिद्ध उपदेशक योहान क्रिसोस्तम याने ३८६-३८७ मध्ये त्यांच्यावर जे उपदेश झोडले, ते आज वाचवत नाहीत. बिशपांच्या ३२५ च्या नायसिया परिषदेनंतर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ईस्टरच्या तारखेबद्दल चर्चेसना पत्र लिहिले, त्यात ज्यूंशी काहीही समाईक नको हा सूर उघड आहे. मध्ययुगात तर वल्हांडण जवळ आला की अफवा उठे, ज्यूंनी ख्रिस्ती मुलाचा बळी दिला. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात ११४४ मध्ये एक मुलगा मेला, त्यावरून ही कहाणी रचली गेली. १४७५ मध्ये इटलीतल्या त्रेंतो गावी सिमोन नावाचा मुलगा मेलेला सापडला, तेव्हा तिथल्या ज्यूंचा छळ करून त्यांना मारले, आणि त्या मुलाची हुतात्मा म्हणून उपासना सुरू झाली. ती कॅथलिक चर्चने बंद केली १९६५ साली. १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल सुरू झाली ती ईस्टरच्या रविवारी. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतला ज्यूंना अविश्वासू म्हणणारा शब्द तेविसाव्या जॉन पोपनी १९५९ मध्ये काढला, आणि येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व किंवा आजच्या ज्यूंवर ठेवता येत नाही, हे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये लेखी मांडले. ज्या रात्री शतकानुशतके ज्यू कुटुंबे दाराबाहेरच्या ख्रिस्ती जमावाच्या भीतीने बसत, तीच रात्र आपण आता कार्यक्रम म्हणून करायची? एखाद्या ज्यू घराने बोलावले तर अवश्य जावे, त्यांच्या पंगतीला बसावे, त्यांचे ऐकावे. यजमान ते, पाहुणे आपण.

महाराष्ट्रात हे बोलताना कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, आठवल्याशिवाय राहत नाहीत. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवणारा हा समाज शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. आपल्या आधीपासून मराठीत हे सण त्यांनी पाळले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आलेल्या मिशनऱ्यांनी, विशेषतः जॉन विल्सन यांनी, त्यांना हिब्रू शिकवली, आणि मराठीतून हिब्रूचे व्याकरणही लिहिले. मिशनऱ्यांना हे लोक ख्रिस्ताकडे यावेत असे वाटत होते. बेने इस्राएलांनी ती हिब्रू घेतली आणि आपला धर्म अधिक पक्का केला. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या त्यांच्या हग्गादात हिब्रूबरोबर मराठी आहे आणि बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायकांचे चित्र आहे, अंगावर लुगडी नेसलेल्या. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला वल्हांडण समजून घ्यायचा असेल तर अमेरिकेतल्या व्हिडिओकडे धाव घ्यायची गरज नव्हती. शेजारीच विचारता आले असते. आता त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले आहेत, पण मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगडमधली सिनेगॉग अजून उघडी आहेत.

मग सण पाळायचेच नाहीत का? पाळायचे बंधन नाही, हे नव्या कराराने स्वच्छ सांगितले आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने यहूदीतर विश्वासणाऱ्यांवर चार गोष्टींचे ओझे ठेवले, त्यात एकही सण नाही. गलतीकरांवर पौल चिडला तो त्यांना दिवस आणि महिने पाळायला भाग पाडले जात होते म्हणून. पण हाच पौल पेंटेकॉस्टपर्यंत इफिसात राहीन असे कळवतो, आणि पुढे त्या सणाला यरुशलेमेत पोहोचावे म्हणून इफिसाला वळसा घालून घाईने जातो. त्याचे आयुष्य या सणांवरच मोजले जात होते. तेव्हा 'छाया' या त्याच्या एका उपमेच्या आधारावर लेवीयचा तेविसावा अध्याय मिटून ठेवणाऱ्यांनी पौलाचे बाकीचे जगणेही पाहावे.

आणि तो अध्याय मिटून ठेवण्यात आपण काय गमावतो ते सांगतो. सप्ताहांच्या सणाचे नियम संपतात आणि कर्ण्यांच्या दिवसाचे सुरू होतात, त्यांच्या मधोमध, बावीसाव्या वचनात, एक वेगळाच हुकूम येतो. पिकाची कापणी कराल तेव्हा शेताच्या कानाकोपऱ्यापर्यंत झाडून कापू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका. ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. हा हुकूम एकोणिसाव्या अध्यायात आधीच येऊन गेला आहे. तरी तो सणांच्या यादीत पुन्हा घातला आहे. अर्पण, पेंढी, भाकरी, कर्णे, आणि यांच्यात शेताचा न कापलेला कोपरा. माझ्या मते हे वचन तिथे चुकून आलेले नाही. कोपरा राखल्यावाचून तो सण सण होत नाही. अनुवादाचा सोळावा अध्यायही तेच करतो: आनंद करा, आणि तुमच्याबरोबर दास, दासी, लेवी (मंदिरसेवेचे, स्वतःची जमीन नसलेले कूळ), परका, अनाथ आणि विधवा यांनीही आनंद करावा. का? तर तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव.

प्रायश्चित्ताच्या दिवसाचेही तसेच. आपण तो वैयक्तिक पापाच्या क्षमेपुरता उरवला आहे. पण लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात योबेल, म्हणजे दर पन्नासाव्या, वर्षाचा कर्णा वाजतो तो याच दिवशी: गहाण गेलेली जमीन मूळ मालकाकडे परत, कर्जापायी विकला गेलेला माणूस आपल्या घरी परत. सिनेगॉगमध्ये या दिवशी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात, ज्यात खरा उपास म्हणजे जोखडाच्या दोऱ्या सोडणे आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे. मिश्ना सांगते की माणसाने माणसाविरुद्ध केलेले पाप त्या माणसाची समजूत घातल्यावाचून या दिवसानेही फिटत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू हेच म्हणतो: वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. नासरेथच्या सिनेगॉगमध्ये त्याने वाचायला काढलेला यशयाचा उताराही धरून नेलेल्यांच्या सुटकेचा आणि परमेश्वराच्या प्रसादाच्या वर्षाचा आहे.

अहिल्यानगर आणि जालना भागातल्या आपल्या कितीतरी मंडळ्या ज्या घरांतून उभ्या राहिल्या, त्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते. निर्गमाची गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही. त्याच भागातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे बैलगाड्या आणि ट्रकमधून कारखान्यांकडे निघतात आणि पुढचे चार-पाच महिने पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. मांडवांच्या सणात इस्राएलने सात दिवस झोपडीत राहायचे, कशासाठी? मिसरातून निघालेले आपले पूर्वज झोपडीत राहिले हे पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून. पक्क्या घरातल्या माणसाने वर्षातून एकदा झोपडी आठवायची. ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावरच हा सण येतो. त्या रविवारी आपल्या कुठल्या मंडळीत कोपीचा विषय निघतो?

आपल्याकडे पहिल्या पिकाचा सण आधीच आहे, तो कुणाकडून उसना आणायचा नाही. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन समाजाचे ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात, भाताच्या नव्या लोंब्या देवळात आणून आशीर्वाद घेतात. गोव्यात ऑगस्टमध्ये कोंसांचे फेस्त, म्हणजे नव्या कणसांचा सण, होतो. घाटावरच्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला धान्य, भाज्या, कोंबड्या वेदीपुढे येतात आणि त्यांचा लिलाव होतो. शोफार विकत आणण्यापेक्षा या उपासनेत लेवीयचा तेविसावा अध्याय बावीसाव्या वचनासकट वाचावा, योहानाचा सातवा अध्याय वाचावा, आणि उपदेशात ज्यूंच्या मांडवांच्या सणाचे नाव आदराने घ्यावे. मग लिलावाच्या पैशांचा हिशेब मंडळीपुढे मांडताना एक ओळ वेगळी ठेवावी. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना गावातच पोटभर खायला द्यायचा आहे, आणि तो दिला हे परमेश्वरासमोर तोंडाने सांगायचे आहे. इमारतीच्या रंगासाठी, ध्वनिक्षेपकासाठी किती गेले हे आपण दरवर्षी वाचून दाखवतोच. ऊसतोडीला गेलेल्यांच्या गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि शाळकरी पोरांसाठी त्या पैशांतले किती गेले, तेही त्याच कागदावर यावे.